इंदूरला न गेलेला दिवस

त्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता आम्ही तिघं बुऱ्हाणपूरच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभे होतो आणि हसत होतो. कोणी विनोद केला नव्हता. सिंधीपुऱ्यातल्या मावशींनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "साडेदहा." एवढंच. देडतलाईचे भाऊ म्हणाले, "एरवी आत्ता आपण कुठं राहतो?" मी म्हणाले, "बडवाहच्या पुढच्या घाटात. तुम्हाला उलटी होते तिथं." झालं. भाऊ हसत सुटले, मावशी पदरात तोंड घालून हसत सुटल्या आणि मी फाटकाचा गज धरून. चौकीदारानं विचारलं, "क्या हुआ, लड़का हुआ क्या?" मावशी म्हणाल्या, "हाँ भैया, तीन-तीन."

आम्हा तिघांना एचआयव्ही आहे. माझा नवऱ्याकडून आला. त्याला कुठून आला हे विचारायला तो उरला नाही, आणि उरला असता तरी मी आधी 'गोळी घेतली का' हेच विचारलं असतं. मावशींचं आणि भाऊंचं कसं झालं ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी माझं. बसमध्ये आम्ही पाच वर्षं शेजारी बसलो, त्यात आम्ही केळीचे भाव बोललो, भाऊंच्या मुलीचे नखरे बोललो, मावशींच्या गिऱ्हाइकांच्या साड्या बोललो. तो एक प्रश्न तेवढा कधी निघाला नाही.

गोळ्या सरकारच्या, एकदम फुकट. पण त्या मिळायच्या इंदूरला, महिन्यातून एकदा, ज्याच्या त्यालाच. मी शाळेत शिकवते. त्या वेळी अतिथी शिक्षिका होते. अतिथी म्हटलं की चहा मिळतो, पण मानधन हजेरीवर. म्हणजे इंदूरचा दिवस गेला की त्या दिवसाचे पैसे गेले, बसचं भाडं वेगळं. मावशी सिंधीपुऱ्यात घराच्या ओट्यावर साड्यांना फॉल-पिको करतात. लग्नसराईत एक दिवस मशीन बंद राहिलं की गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जातं आणि तिथलंच होऊन बसतं. भाऊंचं तर विचारूच नका. देडतलाईहून पहाटेची बस धरायची तर आदल्या दिवशीच बुऱ्हाणपुरात येऊन साडूकडं मुक्काम. शेतात वीज पाळीनं यायची, मोटर चालू करायला मजूर लावायचा, आणि तो मजूर झोपला की केळी सुकायची. भाऊ म्हणायचे, "सरकार मला गोळी फुकट देतं बरं का मास्तरीनबाई, पण ती गोळी माझी केळी खाते."

मधे एकदा सरकारनं ठरवलं की आम्हाला बसभाडं परत द्यायचं. फार चांगली गोष्ट. तिकीट जोडा, अर्ज भरा. पण आमच्या खाजगी बसचा कंडक्टर तिकीट द्यायचाच नाही, पैसे घेऊन मान हलवायचा. मावशींनी एकदा त्याचा बाहीचा कफच धरला. "तिकट दे."

"क्या करोगी मौसी, टिकट का?"

"फ्रेम करून लावते. तू दे."

त्यानं सिगारेटच्या पाकिटाच्या मागं पेन्सिलीनं 'बुरहानपुर से इंदौर, तीन सवारी' असं लिहून दिलं. ते आम्ही खरोखर अर्जाला जोडलं, आणि खिडकीतल्या बाबूनं ते उलटसुलट करून बघितलं, वासही घेतला. पैसे काही आले नाहीत. पण त्या पाकिटाच्या गोष्टीवर आमचे पुढचे दोन प्रवास पार पडले.

ती सगळी वर्षं एकीकरणाची होती. आधी आमच्या दुखण्याचं सगळंच वेगळं: वेगळी खिडकी, वेगळं रजिस्टर, वेगळं शहर. मग वरून कधीतरी हुकूम आला की टीबी, बाळंतपण, रक्ततपासणी, आमच्या गोळ्या, सगळं जिल्ह्याच्या दवाखान्यात एका छपराखाली आणा. आमच्या दवाखान्यात टीबीच्या खोलीशेजारची एक खोली रंगवली गेली, तिच्यावर 'एकीकृत' अशी सुरुवात असलेली लांबलचक पाटी लागली आणि एक काउन्सलर मॅडम येऊन बसली. तिनं आम्हाला फोन केला, "या महिन्यापासून इंदूरला जाऊ नका, गोळ्या इथंच मिळतील."

आमचा काही विश्वास बसला नाही. सरकारी काम, गोळ्या येतील, नाही तर नुसती पाटीच राहील. म्हणून तिघांनीही तयारी इंदूरचीच केली. मी शाळेतून रजा काढली, दशम्या आणि ठेचा बांधून घेतला, भाड्याचे पैसे रुमालात बांधले आणि घरी सासूबाईंना नेहमीसारखं सांगितलं, "ट्रेनिंगला चालले, इंदूरला."

आणि खिडकीत आम्हाला पंधरा मिनिटं लागली. पंधरा! मॅडमनं वजन केलं, नाव लिहिलं, बाटली दिली, वर विचारलं, "चहा घेणार?" आम्ही बाहेर आलो तर अख्खा दिवस शिल्लक. पिशवीत डबा शिल्लक, रुमालात भाडं शिल्लक. इतकं सगळं एकदम शिल्लक राहायची आम्हाला कोणालाच सवय नव्हती. म्हणून आम्ही हसत होतो.

"आता घरी जायचं?" मी विचारलं.

"घरी काय सांगू?" मावशी म्हणाल्या. "इंदूरहून साडेदहाला परत आले? विमानानं?"

भाऊ जरा गंभीर झाले. म्हणाले, "मी इच्छादेवीला बोललो होतो. गोळी गावाजवळ आली तर दर्शनाला येईन. आता आलीच हाय तर..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मावशी रस्त्याच्या पलीकडं पोचल्या होत्या. आधी माव्याची जलेबी, मग इच्छापूर, असं त्यांनी तिथूनच ओरडून जाहीर केलं.

जलेबी अर्धा किलो घेतली. पानाच्या पुड्यातून तूप निथळत होतं. इच्छापूरच्या बसमध्ये आम्ही सगळ्यात मागच्या सीटवर बसलो, जिथं खड्डा आला की माणूस छपराला टेकतो. प्रत्येक खड्ड्याला तिघांच्या पिशवीतल्या गोळ्यांच्या बाटल्या खुळखुळायच्या. पुढच्या सीटवरच्या बाईच्या कडेवरचं बाळ वळून आमच्याकडं बघायला लागलं. त्याला वाटलं, खेळणी आहेत. मावशींनी पिशवी हलवून त्याला खेळवलं. बाळ हसलं, आम्ही हसलो, त्याची आईसुद्धा हसली. एवढ्या वर्षांत ती बाटली मी पेटीच्या तळाशी, कपड्यांच्या खाली, कापसात गुंडाळून ठेवत आले होते, आवाज होऊ नये म्हणून. आणि आता ती भर बसमध्ये वाजत होती.

इच्छापूरला देवीचं देऊळ टेकडीवर आहे. भरपूर पायऱ्या. भाऊंनी माझी पिशवीही आपल्या खांद्यावर घेतली, कारण मी दोन्ही हातांत जलेबीचा पुडा सांभाळत होते. पांढरा धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, दोन खांद्यांवर दोन पिशव्या. मागून मावशी गुणगुणत. अर्ध्यावर आलो आणि मी वर बघितलं, तर वरून माझ्या सासूबाई उतरत होत्या.

हे कसं सांगावं! माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेले. घरात मोरीच्या दोन पायऱ्या उतरताना त्या माझा हात धरायच्या. बाजारातलं सगळं मी आणायचे, कारण त्यांना चौकापर्यंत चालवत नाही. त्या सकाळी मी निघताना त्या खाटेवर, गुडघ्याला एरंडाचं पान बांधून, "ये हो नीट" असं कण्हत म्हणाल्या होत्या. आणि आता हातात नारळ घेऊन, काठी नाही, काही नाही, टपाटप खाली येत होत्या.

आम्ही एकमेकींसमोर थांबलो.

"तू?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही?" मी म्हणाले.

"तू इंदूरला गेलेली."

"आणि तुम्ही खाटेवर पडलेल्या, आत्याबाई." सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात.

पण त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्यांची नजर भाऊंवर. सदऱ्यावर, टोपीवर, आणि भाऊंच्या खांद्यावरच्या माझ्या पिशवीवर. त्यांनी वरपासून खालपर्यंत एकदा आणि खालपासून वरपर्यंत एकदा बघितलं.

"हाच का तो?" त्यांनी मला विचारलं.

"कोण तो?"

"इंदूरवाला."

मला काहीच समजेना. सासूबाईंनी सुस्कारा सोडला, एक पायरी खाली आल्या आणि सरळ भाऊंनाच म्हणाल्या, "वयानं लई मोठे दिसता. पण असो. जमीन किती हाय?"

शेतकऱ्याला कोणी जमीन विचारली की तो दुसरा विचारच करत नाही. भाऊ म्हणाले, "साडेचार एकर."

"पाण्याखाली?"

"दोन."

"दोनच?"

मागं मावशींचा आवाज बंद झाला होता. मी वळून बघितलं तर त्या पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हातांनी पोट धरून, आणि त्यांचं हसू इतकं मोठं होतं की ते बाहेरच पडत नव्हतं.

"पोरीला दुःख देऊ नका," सासूबाई भाऊंना सांगत होत्या. "पाच वर्षं मी काही बोलले नाही. म्हटलं, तरणी पोर, विधवा झाली, कोणी मिळालं असंल इंदूरला तर मिळू दे. फक्त सांगून करा म्हणजे झालं."

तेव्हा कुठं भाऊंच्या डोक्यात उजेड पडला. त्यांचा चेहरा असा झाला, जसा कोणी भर पंगतीत त्यांच्या पानात बेडूक वाढला. "अहो बाई! माह्या घरी बायको हाय! मुलगी लग्नाची हाय!"

"बायको हाय?" सासूबाईंनी हातातला नारळ वर उचलला. "बायको असून माह्या सुनेला फिरवता?"

"आत्याबाई!" मी मधे पडले. पुडा तिरपा झाला, तुपाची धार माझ्या साडीवर गेली. "आत्याबाई, इंदूरला कोणी नाही हो. कोणीच नाही! मी औषधाला जात होते."

नारळ वरच राहिला.

"कशाचं औषध?"

पाच वर्षं मी हे वाक्य तयार ठेवलं होतं. आरशासमोर, नळावर, बसमध्ये. किती वेळा मनात म्हटलं असेल. मला वाटायचं की ते बोलताना मी रडेन, किंवा त्या रडतील, किंवा घराबाहेर काढतील. आणि ते आलं कधी, तर हातात जलेबी असताना. मी सांगितलं. नाव सांगितलं, गोळ्या सांगितल्या, रोज घेते ते सांगितलं, भांडी वेगळी करायची गरज नसते तेही सांगितलं. मावशी हसू पुसत उठल्या आणि म्हणाल्या, "मलाही तेच हाय, बाई. आणि ह्यांनाही. आम्ही तिघं एकाच बसचे."

सासूबाई पायरीवर बसल्या. नारळ मांडीवर ठेवला. खालून माणसं येत होती, आम्हाला वळसा घालून वर जात होती. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "आणि त्याला?"

त्याला म्हणजे त्यांच्या मुलाला, माझ्या नवऱ्याला.

"त्यालाही हेच होतं."

"मला तर डॉक्टर टीबी बोलला."

"टीबीही होता. ह्याच्यामुळं झाला."

"मग त्यानं ही गोळी नाही खाल्ली?"

हे सांगणं माझं दुखणं सांगण्यापेक्षा अवघड होतं. माझा नवरा लूमवर कामाला होता, जेवढं कापड विणलं तेवढी मजुरी. दोनदा गेला तो इंदूरला. पहिल्या वेळी एक दिवस बुडाला, दुसऱ्या वेळी तपासणीसाठी थांबवलं म्हणून दोन दिवस. परत आला तर त्याच्या लूमवर दुसरा माणूस बसलेला. मालकाला दया आली, परत घेतलं. पण म्हणाला, आता सुट्टी मागू नको. मग त्यानं सुट्टी मागितली नाही. मला म्हणाला, "बरं वाटतंय आता, दिवाळीनंतर जाईन." दिवाळी झाली. त्याच्या गोळीला एक पैसा पडत नव्हता. तिच्यापर्यंत जायला मात्र कामाचा दिवस मोजावा लागायचा, आणि तो त्याच्याकडं नव्हता.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "आज तुला गोळी कुठं मिळाली?"

"आपल्या दवाखान्यात. टीबीच्या खोलीशेजारी."

"घरापासून तर चालत जायचं हाय ते."

"हो."

"चालत," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या, "चालत."

भाऊंनी टोपी काढून हातात घेतली होती. मला वाटलं, आता दिवस संपला. जलेबी तशीच घरी न्यावी लागेल.

तर सासूबाईंनी डोकं वर केलं. "म्हणजे इंदूरला कोणीच नाही?"

"नाही हो."

"तू चांगली साडी नेसून जायची. तिकडून आली की पेटीत काहीतरी लपवायची. फोनवर हळू बोलायची."

"गोळ्या लपवायचे. आणि फोनवर ह्या मावशी असायच्या."

"आणि ट्रेनिंग? पाच वर्षं ट्रेनिंग! मी म्हटलं, एवढ्यात तर माणूस डॉक्टर होतो." त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि मी दर महिन्याला तू गेली की इथं येत होते. गुडघे घेऊन! देवीला म्हणायचे, माय, इंदूरवाला चांगला निघू दे, दारू पिणारा नको, हिला नीट नांदवू दे."

"पण तुमचे गुडघे..."

"दुखतातच. पण तुला मोरीशी हात देताना बरं वाटतं ना, म्हणून थोडे जास्त दुखतात."

आता मावशी पुन्हा खाली बसल्या. ह्या वेळी हसू बाहेर पडलं. ते त्या टेकडीवरून खालच्या दुकानांपर्यंत गेलं असावं, कारण नारळवाले मान वर करून बघायला लागले. मग भाऊ सुरू झाले, मग मी. आणि शेवटी सासूबाई. आधी दाबून, मग खांदे हलवत, डोळ्यांत पाणी तसंच. चार माणसं देवीच्या पायऱ्यांवर लोळायची बाकी होती. वर जाणारा एक म्हातारा आम्हाला हात जोडून गेला. त्याला वाटलं असेल, अंगात आलंय.

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "चला. पुन्हा वर चला."

"आत्ताच तर तुम्ही दर्शन घेतलं."

"मग? पाच वर्षं चुकीचा अर्ज दिला मी. दुरुस्ती नको करायला?"

आम्ही वर गेलो. भाऊंनी आपला बोललेला नवस फेडला. सासूबाईंनी देवीपुढं बराच वेळ ओठ हलवले, मधेच एकदा माझ्याकडं बोट दाखवलं, एकदा भाऊंकडं दाखवून नकारार्थी हात हलवला. मग कठड्यावर बसून आम्ही दशम्या, ठेचा आणि ती सगळी जलेबी खाल्ली. मावशींनी सासूबाईंपुढं जलेबीचा तुकडा धरला आणि क्षणभर थांबल्या, कारण आमच्या हातचं कोणी खाईल की नाही ही शंका आमच्या बोटांत कायम असते. सासूबाईंनी तो घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "पाक जरा जास्त झाला." मावशींनी लगेच दुसरा तुकडा पुढं केला.

घरी आल्यावर दोन दिवस सासूबाई माझ्याशी थोडंच बोलल्या. मी घाबरले. पण त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या. त्या मुलाला पुन्हा पोचवून येत होत्या, ह्या वेळी खरं कारण घेऊन. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उघडली, बाटली बाहेर काढली, वरचा कापूस काढून टाकला आणि ती देवघराच्या कोनाड्यात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवली. "इथं ठेव. पेटीत ठेवून आठवण कशी राहील?"

पुढच्या महिन्यापासून त्या माझ्याबरोबर दवाखान्यात यायला लागल्या. मी शाळेच्या आधी जाऊन बाटली घ्यायचे आणि प्रार्थनेला हजर. त्या मात्र तिथंच बाकावर बसून राहायच्या. नवीन कोणी भेदरलेलं आलं की त्याला सरकून जागा द्यायच्या. काउन्सलर मॅडमनं मला सांगितलं, "तुमच्या सासूबाईंना पगार द्यायला पाहिजे. फक्त त्या लाइनमधल्या पुरुषांना जमीन किती ते विचारतात, तेवढं थांबवा."

विधवा पेन्शनचा अर्ज मी कधी केला नव्हता. केला असता तर नवरा कशानं गेला, तुम्हाला काय आहे, हे सगळं निघालं असतं आणि ते कार्यालय म्हणजे आमच्या मोहल्ल्याचा चहाचा ठेला. आता सासूबाईंनीच माझा हात धरून मला नेलं. खिडकीतल्या माणसानं कागद वाचला आणि मोठ्यानं विचारलं, "पति को क्या हुआ था?" सगळी लाइन पुढं झुकली.

सासूबाई त्याच्याहून मोठ्यानं म्हणाल्या, "वही हुआ था जो कागज पे लिखा है. पढ़ना आता है कि मेरी बहू पढ़के दे? मास्टरनी है."

लाइन मागं झाली. अर्ज आत गेला. त्याला तीन फेऱ्या लागल्या, एकदा फोटो छोटा निघाला, एकदा साहेब रजेवर. पण पेन्शन सुरू झाली. पहिल्या पैशाचं काय करायचं यावर आमचं पहिल्यांदा मोकळं भांडण झालं. मला त्यांच्या गुडघ्याला डॉक्टर दाखवायचा होता, त्यांना मला शिक्षकांच्या पात्रता परीक्षेची पुस्तकं घ्यायची होती. पुस्तकं आली. आता मी एकही दिवस चुकत नव्हते, म्हणून हेडमास्तरांनी पाचवीचा वर्ग माझ्या हवाली केला. आधी कोण देणार होतं, महिन्यात एक दिवस गायब होणाऱ्या बाईला? दुसऱ्या खेपेला मी परीक्षा पास झाले. मावशींनी दुसरं मशीन घेतलं, तिथं आता त्यांच्या बहिणीची मुलगी बसते. भाऊंनी मजूर बंद केला. मोटर ते स्वतः चालू करतात आणि सांगतात की केळीचे घड पाहिले तर मी ओळखणार नाही.

इंदूर अगदी सुटलं नाही. रक्ताच्या मोठ्या तपासणीला वर्षातून दोनदा जावं लागायचं. पण ते आता जत्रेसारखं. सासूबाई खिडकीची जागा धरायच्या आणि बडवाहच्या पुढं भाऊंना लिंबू द्यायच्या. त्यांना इंदूर काही फार आवडलं नाही. "एवढंसं तर हाय," म्हणाल्या, "मला वाटलं होतं, कोणी लपवायचं म्हणजे मोठं शहर असंल."

मग आणखी सोय झाली. गोळ्या तीन-तीन महिन्यांच्या एकदम मिळायला लागल्या. पहिल्या वेळी तीन बाटल्या घेऊन बाहेर आलो, आणि एवढी चांगली गोष्ट घडून आमचे चेहरे पडलेले. मावशी म्हणाल्या, "म्हणजे आता तीन महिने भेटायचं नाही?" भाऊ म्हणाले, "सरकारनं जास्तच मनावर घेतलं." शेवटी ठरलं की महिन्यातून एकदा मावशींच्या ओट्यावर भेटायचं, कोणत्याही कारणाशिवाय. शाळा सुटल्यावर, म्हणजे हजेरी बुडत नाही.

मागच्या उन्हाळ्यात भाऊंच्या मुलीचं लग्न झालं, देडतलाईला, दुपारच्या मुहूर्तावर. शालूचा फॉल मावशींनी लावला, एक पैसा न घेता, आणि टाके इतके बारीक की नवरीच्या आईनं चष्मा लावून बघितले. भाऊंनी घरी बायकोला सगळं सांगितलेलं होतं, ते आम्हाला तिथं कळलं, कारण त्या माउलीनं आम्हाला तिघींना दारातच ओवाळलं आणि सरळ आतल्या खोलीत नेऊन कूलरसमोर बसवलं. बँड खंडव्याचा होता, ऊन मी म्हणत होतं. वऱ्हाड वेशीपाशी आलं तेव्हा मावशींनी मला ओढलं, मी सासूबाईंना ओढलं. सासूबाई आधी नको नको म्हणाल्या, मग पदर खोचला. नवऱ्या मुलाच्या घोड्यापुढं आम्ही तिघी आणि मुलीचा बाप, घामानं निथळत नाचत होतो. बँडवाला थांबेना, म्हणून आम्हीही थांबलो नाही.